दिवेलागणीला तळपाय

माणसाला स्वतःचा तळपाय नीट पाहता येत नाही. मांडी घाला, पाय वर ओढा, मान वाकडी करा, तरी टाचेची कड आणि बोटांच्या मुळाशी असलेला भाग नजरेतून सुटतोच. हे मी पहिल्यांदा शिकलो तेव्हा तिशीच्या आत होतो, आणि परीक्षेपुरतं लक्षात ठेवलं होतं. त्याची भीती वाटायला पुढे कळंबला जावं लागलं.

मी फिजिओथेरपिस्ट होतो. हा शब्द तेव्हा यवतमाळात कोणाच्या जिभेवर बसत नसे. लोक 'मालिशवाले डाक्टर' म्हणत आणि मीही दुरुस्त करण्याच्या फंदात पडलो नाही. आमच्या घराने छप्पन साली धम्म स्वीकारला. त्यानंतर थोड्याच काळात मी शिक्षण संपवून कुष्ठरोग्यांसाठी फिरणाऱ्या एका पथकात लागलो. डॉक्टर रोग ओळखत, गोळ्या देत. त्यानंतरचे हात आणि पाय माझे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, हा रोग बोटं खातो. तसं नाही. रोग मज्जातंतू मारतो, आणि ते मेले की दुखणं थांबतं. मग बोटं चूल खाते, काटा खातो, पऱ्हाटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, खुंट खातं. झरी जामणीकडच्या एका शिबिरात भीमा नावाचा म्हातारा कोलाम आदिवासी आला होता. त्याच्या पायाची दोन बोटं टोकाशी कुरतडलेली होती. झोपेत उंदराने काम केलं आणि त्याला सकाळी रक्त पाहूनच कळलं. मी त्याला मांजर पाळायला सांगितलं. पुढच्या खेपेला तो काखेत मांजर घेऊन रांगेत उभा राहिला आणि म्हणाला, "हे पाहा साहेब, तुमचं औषध. चाटते लय." सगळी रांग हसली. मीही हसलो. पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये माझ्या डोळ्यांपुढून ती बोटं हटेनात. लोक दुखण्याला भितात. मी न दुखण्याला भ्यायला लागलो, तो त्या दिवसापासून.

भीती घरातही होती. यवतमाळला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. मी काय काम करतो हे शेजारी कळलं असतं तर आम्हाला विहिरीवर पाणी भरू दिलं नसतं. माझी बायको कुसुम कोणी विचारलं की "सरकारी दवाखान्यात आहेत" एवढंच सांगायची. मी परतलो की मागच्या अंगणात अंघोळ करायचो, मगच उंबरा ओलांडायचो. मीच शेकडो लोकांना सांगत होतो की हा रोग असा सहज शिवल्याने होत नाही. तरी संध्याकाळी कंदील लागला की मी माझ्या कोपरांवर, कानांवर चट्टा शोधत बसायचो. कुसुम काही बोलायची नाही. एकदा मात्र तिने माझ्यासमोर पाट ठेवला आणि म्हणाली, "लोकांना सांगता ना एकमेकांचे पाय पाहा म्हणून? मग आणा इकडे." त्या दिवसापासून दिवा लागला की ती माझे तळपाय पाहायची आणि मी तिचे. सुरुवात भीतीने झाली होती. पुढे पाय पाहायची आम्हाला सवय झाली.

आता जिची गोष्ट सांगायची ती वच्छला. नाव बदललं आहे. गावाचं नाव लिहीतच नाही. कळंबपासून बैलगाडीच्या वाटेवरचं गाव, एवढं पुरे.

कळंबचा दवाखाना आमच्या डॉक्टरांनी मुद्दाम चतुर्थीला ठेवला होता. त्या दिवशी चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला चारी बाजूंनी माणसं येतात. कोण कुठे निघालं हे कोणी विचारत नाही. गावाच्या कडेला एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याची पडवी आम्हाला मिळाली होती. रोगी आधी देवळात जायचे, नारळाचा प्रसाद पदरात किंवा उपरण्यात बांधायचे, मग आडवाटेने आमच्याकडे यायचे. घरी गेल्यावर प्रसाद काढून दिला की झालं. कित्येकांचा उपचार त्या प्रसादाच्या आडोशाने चालला.

वच्छला पहिल्यांदा आली तेव्हा विशीची असेल. मोठ्या शेतकरी घरातली मधली सून, दोन लहान मुलांची आई. पदर नाकापर्यंत ओढलेला. डॉक्टरांनी कोपराजवळचा चट्टा पाहून तिला माझ्याकडे पाठवलं.

हात जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्ही कापसाची बारीक वात करतो. रोग्याने डोळे मिटायचे, वात जिथे टेकली तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवायचं. मी तिला सांगितलं, "डोळे मिटा. लागलं की दाखवा."

तिने डोळे मिटले. मी करंगळीला वात टेकवली. मग शेजारच्या बोटाला. मग तळव्याच्या कडेला, मनगटापर्यंत.

ती शांत बसली होती. थोड्या वेळाने डोळे मिटूनच म्हणाली, "लावा ना जी. मी कवाची तयार हाय."

माझं सगळं लावून झालं होतं.

इतक्या वर्षांत मी पुष्कळ वाईट जखमा पाहिल्या, पण त्या वाक्यासारखा काटा माझ्या अंगावर कशानेही आला नाही. मी तिला डोळे उघडायला सांगितलं आणि करंगळीच्या आतल्या बाजूचा फोड दाखवला. तव्याचा होता. भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा आणि बोटांनीच उलटायची, हे आमच्याकडे कुठल्याही पोरीला आठव्या-नवव्या वर्षी येतं.

"हा केव्हा भाजला?"

"मले नाई माहीत. वास आला तवा पाह्यलं."

मी माझं नेहमीचं पुराण लावलं. भाकर सराट्याने, म्हणजे उलथण्याने, उलटायची. भांडं फडक्याने धरायचं. हात रोज पाण्यात भिजवायचे, तेल चोळायचं, मांडीवर ठेवून दुसऱ्या हाताने बोटं सरळ करायची. शेतातून आलं की पाय धुऊन तळपाय कोणाला तरी दाखवायचे. ती सगळं ऐकत होती. मग हळूच म्हणाली, "भाऊ, तुमी शिकेल हा, पन तुमाले घर नाई समजत."

"का?"

"आमच्या घरी सराटा पिठल्याले. भाकर सराट्यानं पलटवली तं जावा म्हनतीन, हिच्या हाताले काय झालं? आत्याबाई त हातच पाहीन. आन तळपाय कोनाले दाखवू? मालकाले?"

"सासूबाई फार कडक आहेत?"

ती पहिल्यांदा हसली. "कडक? त्याइच्या समोर म्हैस बी आवाज न करता पानी पेते."

मग हसू गेलं. तिच्या घरातली एक हकिकत तिने मला सांगितली. सासूची थोरली जाऊ होती. तिला हाच रोग झाला. लोक रगतपिती म्हणत. तिला वावरातल्या झोपडीत ठेवलं. भाकर दुरून टाकायची, पाणी ओतून द्यायचं. तिची लेकरं तिला बांधावरून पाहायची. ती तिथेच गेली. वच्छलेने ते पाहिलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा झोपडी रिकामी होती. पण कापूस वेचताना त्या बाजूचं तास, कपाशीची ती ओळ, कोणी घेत नसे.

"माही धाकटी अजून अंगावर पेते," ती म्हणाली. तिने पदर पुन्हा नाकापर्यंत ओढला.

माझ्या विद्येची पंचाईत अशी की तिचा हात वाचवायला जे जे करायचं, त्यातूनच रोग उघडा पडणार होता. सराटा धरला तर घर जाणार, नाही धरला तर बोटं जाणार. पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी इतकंच केलं की प्रत्येक गोष्ट तिच्या जुन्या कामाला बांधून दिली. भिजवणं धुण्याच्या वेळी. बोटं सरळ करणं लेकराला पाजताना. नवी सवय एकटी चालत नाही, तिला जुन्या सवयीचा पदर धरून चालावं लागतं. पण चूल राहिली आणि तळपाय राहिले. या दोन गोष्टी मी कशालाही बांधू शकलो नाही.

पुढच्या चतुर्थ्या मी भीतभीतच काढल्या. ती पडवीच्या पायऱ्या चढताना दिसली की माझी नजर आधी तिच्या हाताकडे जायची. कधी बरा असायचा, कधी नवा फोड. एकदा तो फोड चिघळला होता. मी बराच वेळ हात पाण्यात ठेवायला लावला, स्वच्छ केला, पट्टी बांधली आणि पुन्हा सोडली, कारण पट्टी घेऊन घरी जाता येत नव्हतं. तेवढ्यात तिच्या गावची गाडी जुंपल्याची हाक आली. ती धावत गेली.

ती गेल्यावर माझ्या लक्षात आलं की त्या दिवशी ती आधी आमच्याकडे आली होती. देवळात जायचं राहून गेलं होतं. तिच्या पदराला प्रसाद नव्हता.

मी बौद्ध माणूस, देवळाशी माझा संबंध नाही. पण तो महिना मी त्या नारळाच्या तुकड्याची काळजी करण्यात घालवला. कुसुमला सांगितलं. ती म्हणाली, "सासू विचारणारच. मी असते तर मीही विचारलं असतं."

पुढच्या चतुर्थीला वच्छला आली नाही. रांग संपत आली. पडवीच्या टोकाला एक म्हातारी खांबाला धरून उभी होती. उंच, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट, कपाळावर मोठं कुंकू. रोगी वाटत नव्हती. सगळे गेल्यावर ती आली, टेबलावर नारळाचा प्रसाद ठेवला आणि म्हणाली, "मांगच्या खेपी आमच्या सुनेचा राह्यलता."

मी म्हणालो, "कोणाच्या सुनेचा?"

"उगी बनवू नका मले. मी गिरजाबाई. वच्छीची सासू." ती समोरच्या स्टुलावर बसली. "घरात हात भाजल्याचा वास येते अन जिचा हात भाजला ते वरडत नाई. इतलं बी नाई समजत का मले? हा वास म्या पैले बी घेतला हाय. माह्या जावेच्या वक्ती."

डोक्यात एकच चित्र होतं, वावरातली झोपडी. मी म्हणालो, "आई, हा रोग गोळ्यांनी बरा होतो. तिच्यापासून लेकरांना धोका—"

"ते राहू द्या. ते डाक्टरले विचारलं म्या. तुमी हातपायवाले ना? मंग हातपायाचं सांगा. तिले काय काय करा लागते?"

"तुम्ही तिला..."

"तिले काई सांगाचं नाई." तिने बोट उगारलं. "मले मालूम हाय, हे तिले समजलं नाई पायजे. समजलं तं ते रडन, ते रडली तं माहा लेक विचारन, लेकाले समजलं तं गावाले समजन. माह्या जावेले भाकर म्या टाकली हाय दुरून. ह्याच हातानं." ती थांबली. "सांगा लवकर. मले गाडी पाह्याची हाय."

मी सगळं सांगितलं. तळपायाशी आलो तेव्हा म्हणालो की नुसतं पाहून भागत नाही. जखम होण्याआधी आतून तो भाग गरम होतो. रोग्याला स्वतःला ते कळत नाही. दुसऱ्याने हाताची मागची बाजू लावून पाहायची. तळहात राबून जाड झालेला असतो, त्याला बारीक गरमी समजत नाही. उलट्या हाताला समजते.

"दाखवा कसं ते."

दाखवायला तिथे तिच्याशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, "पाय पुढे करा."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमी कोनाचे?"

या प्रश्नाचा अर्थ आमच्या भागात सगळ्यांना कळतो. मी सांगितलं. ती क्षणभर प्रसादाकडे पाहत राहिली. मग जोडवी घातलेला पाय तिने पुढे केला. "आता इतक्या दुरून आलो तं तसंच परत कायले जाऊ? पाहा."

त्यानंतरच्या चतुर्थीला वच्छला पुन्हा आली, प्रसाद घेऊन. बसल्या बसल्या तक्रार सुरू.

"भाऊ, आमच्या आत्याबाई सटकल्या. म्हनते, आजपासून या घरात कोनी हातानं भाकर पलटवाची नाई, हाताचा मळ लागते. साऱ्या सुना सराट्यानं. अन दिवा लागला का साऱ्याइनं वसरीत बसाचं, पाय धुवून. आत्याबाई कंदील घेऊन एकेकीचे तळपाय पाहे. काटा हाय का म्हनून. लेकाइचे बी पाहे! धाकटी जाऊ म्हनते, बुढीले म्हातारचळ लागला."

"आणि तुम्ही काय म्हणता?" मी कापूस वळत विचारलं. मान वर केली नाही.

"मी काय म्हनू? पाय देतो."

तिची करंगळी वाकत गेली, ती मला पूर्ण थांबवता आली नाही. पण नवा फोड पुन्हा दिसला नाही. आमच्या धंद्यात मोठं यश असं दिसत नाही. काही झालं नाही, एवढंच ते यश. भीती मात्र संपली नाही. दोघींची गुपितं माझ्याकडे होती आणि एकीचं दुसरीपासून राखायचं होतं. गिरजाबाई वर्षातून एकदोनदा यायची, प्रसाद ठेवायची, विचारायची, "सुधारा हाय ना?" आणि निघून जायची.

अशी काही वर्षं गेली. साठ साल उलटून बराच काळ झाला असेल. एका चतुर्थीला वच्छला आली आणि स्टुलावर बसली, पण हात पुढे केला नाही. मी विचारलं, "काय झालं?"

"आत्याबाई गेल्या जी. पोळ्याच्या आदल्या हप्त्यात."

मी काही बोलण्याआधी ती म्हणाली, "आता माहे तळपाय कोन पाहीन?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पैल्या दिवसापासून. पाय साऱ्याइचेच पाहे. पन उलटा हात फक्त माह्याच पायाले लावे."

"मग कधी बोलला का नाहीत?"

तिने डोळे पुसले. "बोललो असतो तं त्याइले मले वावरात ठेवा लागलं असतं. मले मालूम हाय हे त्याइले मालूम नोतं, म्हून ठेवलं नाई. भ्यालो आमी दोघीबी. मी त्याइले, त्या गावाले."

मी तिला एक लहान आरसा दिला. तो कसा धरायचा ते दाखवलं. तिने तो उलटसुलट केला आणि म्हणाली, "दिसते. पन आरशाले गरम-थंड समजते का, भाऊ?"

तो महिना मी पुन्हा तसाच काढला, प्रसादाच्या वेळी काढला होता तसा. रोज संध्याकाळी कुसुम माझ्या टाचेला हात लावायची तेव्हा मला ती ओसरी दिसायची आणि कंदील धरायला कोणी नसायचं.

पुढच्या खेपेला वच्छला आली तेव्हा चेहरा उजळ होता. तिने सांगितलं, सासूच्या दिवसांनंतर पहिल्यांदाच दिवा लागला आणि सगळ्या जणी आपापल्या कामाला लागल्या होत्या. तेवढ्यात सासूला म्हातारचळ लागला म्हणणारी ती धाकटी जाऊच पाय धुऊन ओसरीत येऊन बसली आणि ओरडली, "काहून, आज पाय पाह्याचे नाई का कोनाचे? बुढी गेली तं काटे बी गेले का?" तिनेच कंदील उचलला. वच्छलेचा पाय हातात घेतला तेव्हा वच्छला म्हणाली, "उलटा हात लाव." तिने विचारलं, "काहून?" वच्छला म्हणाली, "आत्याबाई लावत." जाऊ म्हणाली, "बरं," आणि लावला.

त्या घराला वाटत होतं की ही आपल्या घरची रीत आहे. मी पुस्तकातून शिकून गेलो होतो की सवय रोग्याला लावायची असते. गिरजाबाईने ती घराला लावली. मी नंतर जिथे जिथे गेलो तिथे असंच करायचा प्रयत्न केला. अनेक ठिकाणी जमलं नाही. सगळ्या घरांत गिरजाबाई नसते.

हे सगळं आता लिहायला बसलो त्याला कारण आहे. मला बरीच वर्षं मधुमेह आहे. तळपायांची जाणीव कमी होत गेली आहे. वेगळा रोग, पण काटा तोच, खुंट तेच. कुसुम रोज पाहायची. डोळ्यांना कमी दिसू लागलं तेव्हाही तिने हात लावणं सोडलं नाही. "डोळे कशाला लागतात? हात आहे ना," म्हणायची. या आषाढात ती गेली.

तेव्हापासून मी दिवा लागला की माझ्या खोलीत आरसा घेऊन बसतो. दिसतं. टाच गार आहे की गरम, ते कळत नाही. गेले काही दिवस उजव्या अंगठ्याच्या मुळाशी काहीतरी लालसर आहे असं वाटतं. परवा सुनेने दारातून विचारलं, "बाबा, एवढ्याशा उजेडात आरसा घेऊन काय करताय?" मी म्हणालो, "काही नाही," आणि आरसा उशीखाली सारला. आयुष्यभर लोकांना जे एक वाक्य सांगत फिरलो, ते माझ्या घरात माझ्या तोंडून निघालं नाही. म्हणून इथे लिहितो आहे. हस्तलिखित साफ करून दिवाळी अंकाला पाठवण्यासाठी तिच्याकडेच देणार आहे. माझं अक्षर तिलाच लागतं.

सूनबाई, इथपर्यंत आलीस तर लेखणी खाली ठेव. दिवा घेऊन ये. हात उलटा लावायचा असतो.